हाक मारायला काय जातंय!

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरी सोसायटीच्या फाटकाशी सकाळी सातला उभं राहून पाहा. इतक्या मावश्या आत शिरतात की आपलं आजोळ एवढं मोठं कधी झालं, असा प्रश्न पडावा. पोळ्यांच्या मावशी, भांड्यांच्या मावशी, बाळाला तेल लावणाऱ्या मावशी. त्यांना अडवायला फाटकावर मामा बसलेला असतो. मामा मावशीची वहीत सही घेतो आणि परत जाताना तिची पिशवी उघडून बघतो. भावाबहिणीचं असं नातं रामायणात नाही, महाभारतात नाही. ते फक्त सहकारी गृहनिर्माण संस्थेत सापडतं.

एवढ्या जवळच्या नातलगांचा चहाचा कप मात्र वेगळा असतो, आणि तो खिडकीत पालथा घातलेला असतो. काही ठिकाणी लिफ्टही वेगळी. गणपतीच्या आरतीला मावशी नसते, महाप्रसादाच्या पातेल्यांना असते. लग्नाचं आमंत्रण तिलाही जातं, पण ‘त्या दिवशी जरा लवकर या’ अशा शब्दांत.

सरकारदरबारी या मावश्यांना एक नाव आहे: घरेलू कामगार. २००८ साली राज्याने त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदाही केला. पण हा शब्द मी आजवर एकाही स्वयंपाकघरात ऐकलेला नाही. कारण सोपं आहे. कामगार म्हटलं की त्या शब्दामागून भरपगारी सुट्टी येते, बोनस येतो, आजारपणाची रजा येते, एखादे वेळी युनियनही येते. मावशी म्हटलं की मागून कोणी येत नाही. उलट मावशीनेच यायचं, पाडव्याच्या दिवशीसुद्धा. का, तर ‘आपलंच घर आहे ना!’ मावशीला पगारवाढ मागायची चोरी. मावशी पैशांची भाषा बोलू लागली की आपल्याला किती वाईट वाटतं!

बरं, हे नातंही दिवसभर टिकत नाही. एका सकाळी एकाच बाईची चार नावं होताना मी पाहिली आहेत. शेजारीणबाईंनी दार उघडलं तेव्हा ‘या मावशी’. बहिणीशी फोनवर बोलताना ‘आमची बाई आत्ता कुठे उगवली’. ती गेल्यावर कानातलं सापडेना, तेव्हा ‘त्या कामवालीशिवाय कोण आलंय घरात?’ आणि वॉचमनला खाली फोन केला तेव्हा नुसतं ‘तिला थांबवा’. कानातलं पलंगाखाली होतं. दुसऱ्या दिवशी परत मावशी, आणि त्या दिवशी चहाबरोबर शिळी नाही, ताजी पोळी. माफी मागायचा शब्द मराठीत आहे, पण त्यापेक्षा ‘मावशी’ स्वस्त पडतो.

तुमचा स्वतःचा मोबाइल उघडा. ‘मंगल भांडी’, ‘प्लंबर जुना’, ‘प्लंबर बरा’, ‘दूध नवीन’, ‘ड्रायव्हर बदली’, ‘गॅस’. माणसाचं नाव असलंच तर ते आडनावाच्या जागी काम चिकटवून. गंमत म्हणजे ही विद्या दोन्हीकडे चालते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंचा फोन ओट्यावर पडला होता, त्याच वेळी मी आतल्या खोलीतून त्यांना फोन लावला आणि लावत लावतच स्वयंपाकघरात आले. पडद्यावर माझं नाव झळकलं: ‘डी १२ लसूण’. रोज संध्याकाळी एक वाटी लसूण सोलून ठेवायला सांगणारी मी दुसरी कोण असणार? हिशोब बरोबर आहे. माझ्या फोनमध्ये त्या भांडी, त्यांच्या फोनमध्ये मी लसूण. फरक एवढाच, की भांडीही त्यांनीच घासायची आणि लसूणही त्यांनीच सोलायचा.

कुणाला किती शब्दांत ओळखायचं, याचा एक अलिखित दर मात्र सगळीकडे आहे. जितकं जवळचं माणूस, तितके कमी शब्द. आमच्या घरात रोज हा संवाद घडतो.

‘अगं, ते हे कुठंय?’

‘तिथंच. त्या ह्याच्यावर.’

‘ते नाही गं, ते दुसरं.’

‘मग ते त्यांनी नेलं असेल.’

आणि चष्म्याचं घर सापडतं. यात एकही नाम नाही, सगळा कारभार सर्वनामांवर. तरी दोघांपैकी कुणाचं अडत नाही, कारण संसाराची सगळी डिक्शनरी दोघांच्या डोक्यात आहे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, ‘हे’ म्हणायच्या. नाव घ्यायचं तर उखाण्यात, यमक जुळवून, म्हणजे जणू कवितेच्या आडोशाने. नवरे कमी नव्हते. बायकोला ‘मंडळी’ म्हणायचे, ‘कुटुंब’ म्हणायचे. एका बाईत अख्खी मंडळी बसवायची, म्हणजे एका बाईकडून मंडळीभर काम करून घेताना डोळ्यांवर येत नाही.

याचं उलटं टोक बघायचं असेल तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या शेजारी येणारी पोलीस ठाण्याची नोटीस वाचा. ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ४५ वर्षे, बांधा सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, अंगात निळा फुल शर्ट, उजव्या हातावर आई असे गोंदलेले.’ ज्याला कुणीच ओळखत नाही त्याच्यासाठी सर्वांत जास्त शब्द खर्ची पडतात. जिवंतपणी त्याला ‘ए’, ‘ओ’, ‘बाजूला हो’ एवढ्यावर भागवलं असेल. इसम हा शब्द फक्त पोलीस वापरतात. इसम कधी चहा पीत नाही, लग्नाला जात नाही. इसम एक तर सापडतो नाहीतर पळून जातो.

आता जिन्याने वर चला. वरच्या मजल्यावरही नावं नाहीत. सरकारी कचेरीत जाऊन ‘साहेब आहेत का?’ विचारा. ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ‘कोणते साहेब?’ ‘मोठे साहेब.’ दारावर पितळी पाटी आहे, पाटीवर नाव आहे, पण ते वाचायची कुणाला छाती नाही. माणसाची बदली होते, पाटी बदलते, साहेब तिथेच असतात. आणि आपलं व्याकरण तर जन्मजात कारकून. सव्वीस वर्षांचे साहेब ‘आले’, अठ्ठावन्न वर्षांचा शिपाई ‘आला’. क्रियापदाला कुणी परिपत्रक पाठवलेलं नाही, ते आपलं आपणच उठून उभं राहतं.

राजकारणात तर नात्यांचा महापूर. दादा, ताई, भाऊ, आबा, अण्णा, तात्या, नाना, काका. राज्यात पक्ष किती हे निवडणूक आयोग सांगू शकेल, दादा किती हे ब्रह्मदेवाला विचारा. खालच्यांना नातं लावायचं ते पगार वाचवायला, वरच्यांना लावायचं ते काम करून घ्यायला. वर नाव घ्यायची हिंमत नाही, खाली नाव विचारायची गरज नाही. नावाने ओळखली जाणारी माणसं उरली फक्त मधल्या मजल्यावर, म्हणजे आपण. आपल्याला बँकेचा मेसेज अगदी पूर्ण नावानिशी येतो.

आणि ज्याच्यापाशी खरंच सगळी सत्ता आहे असं आपण मानतो, त्या विठोबाला? त्याला अरे-तुरे. आईला तू. विठोबाला ‘अरे’ म्हटलं तर पाऊस थांबत नाही आणि आईला ‘तू’ म्हटलं तर जेवण बंद होत नाही, याची खात्री असते ना! आपल्या नगरसेवकाला एकदा ‘अरे’ म्हणून बघा, नळाला पाणी कधी येतं ते.

पूर्वी मोठ्या माणसाला लोक हळूहळू नाव द्यायचे आणि ते नाव मग आयुष्यभर अंगाला चिकटायचं. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८८ साली मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं. मध्ये चाळीस वर्षं गेली. त्या चाळीस वर्षांत त्यांनी आणि सावित्रीबाईंनी शिव्या खाल्ल्या, शेण-दगड झेलले. आता ‘कार्यसम्राट’ हवं असेल तर फ्लेक्सच्या दुकानात दुपारी सांगा, संध्याकाळी चौकात लागतं. दर फुटावर असतो, कार्यावर नाही. एस. एम. जोशी नुसते ‘एसेम’ होते, पु. ल. देशपांडे ‘पुलं’. दोन-तीन अक्षरांत काम भागायचं. हल्ली गल्लीतल्या नेत्याच्या नावाआधी ‘मा. ना. श्री.’ वगैरे मालगाडी लागते, आणि माणूस येईपर्यंत फाटक उघडायची वाट बघावी लागते.

पण शब्द बदलून पगार वाचवायच्या विद्येत सरकारचा हात कुणी धरू शकणार नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या उघडल्या. तिथे मुलांना शिकवणारी, पोषण आहार वाटणारी, बाळांची वजनं करणारी, रजिस्टरं भरणारी आणि वरून जे सर्वेक्षण येईल त्याला घरोघर फिरणारी बाई कोण? कर्मचारी? छे, छे. ती सेविका. सेवा करणारीला पगार देणं म्हणजे सेवेचा अपमान, म्हणून तिला मानधन. मान आधी, धन मागून, आणि तेही पुढच्या महिन्यात. तिच्या हाताखाली मदतनीस. म्हणजे जिची मदत होते पण जी नोकरीला नाही अशी. २००५ नंतर आरोग्याच्या कामासाठी गावोगाव ‘आशा’ आल्या. त्या तर स्वयंसेविका! सेवा, आणि तीही आपणहून. रात्री अकराला अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं ते आपणहून, मोबाइलवर माहितीचे रकाने भरायचे ते आपणहून. आपणहून करायच्या कामाला उशीर झाला की विचारणा मात्र वरून होते.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे आणि त्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच. म्हणजे ‘मानधन’ या शब्दाच्या पोटात पगार दडलेला आहे हे ओळखायला सत्तेचाळीस वर्षं आणि देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट लागलं. सेविका या शब्दाची किंमत मी म्हणते ती ही.

तीच गत शिक्षणसेवकाची. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षक नसतो, सेवक असतो. वर्गात मुलं त्याला सर म्हणतात, पगारपत्रक सेवक म्हणतं. प्राथमिक शाळेतल्या या सेवकाला २०२२ पर्यंत महिना ६ हजार रुपये मिळत होते. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झाले. फळा तोच, खडू तोच, सातचा पाढाही तोच. तीन वर्षांनी त्या माणसात असा काय बदल होतो की सेवकाचा शिक्षक होतो? काही नाही. तिजोरीचा नाइलाज होतो.

खासगी कंपन्या तरी मागे कशा राहतील? घरपोच जेवण आणणारा माणूस आधी ‘डिलिव्हरी बॉय’ होता. पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, गुडघे दुखतात, पण बॉय. मग कुणाला तरी लाज वाटली आणि त्याला एका रात्रीत बढती मिळाली: पार्टनर. भागीदार! या भागीदाराला नफ्यात भाग नाही, भांडवल मात्र त्याचंच. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, पावसात घसरून हाड मोडलं तर हाडही त्याचंच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा गिग कामगारांची व्याख्या केली: मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर काम करून कमावणारा. नात्याबाहेर, हे वाचून मला मावशी आठवली. तिला नात्यात ओढून पैसे वाचवायचे, याला नात्याबाहेर ठेवून. माणसासाठी शब्द निवडताना आपण माणसाकडे बघतच नाही. त्याला काय द्यायचं नाही, ते बघतो.

हा नियम एकदा ध्यानात आला की मोठमोठ्या गौरवाच्या शब्दांचीही भीती वाटू लागते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. पुढच्या वर्षी अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. त्याने सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेलं. हे खरं काम झालं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाटी रंगवणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून ते सगळ्यात आधी झालं. ‘दिव्यांग कक्ष, दुसरा मजला’ अशी पाटी मी डोळ्यांनी वाचली आहे. लिफ्ट बंद होती. रॅम्प होता, तो पहिल्या पायरीपाशी संपत होता. अंग दिव्य आहे म्हटल्यावर उडत जायला काय हरकत आहे, असा विचार झाला असावा.

एप्रिल २०२३ मध्ये आपल्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांना वाटलं, ‘विधवा’ शब्द अपमानाचा आहे, त्याऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं. म्हणजे लग्नपत्रिकांवर कोपऱ्यात ‘गं. भा.’ म्हणून जे जुनं पोतेरं पडलेलं होतं, तेच धुऊन सरकारी फायलीवर घालायचं. बायकांनी असा काही आवाज उठवला की निर्णय झालेला नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा करावा लागला. बाईला एकदम दोन नद्या बहाल करणाऱ्या या कल्पनेत तिच्या नावावर एक गुंठा जमीन करण्याचा उल्लेख नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. हेरवाडने शब्दाला हात लावला नाही, बांगडीला हात लावू दिला नाही. मंत्रालयापासून शिरोळ बरंच लांब आहे, म्हणून सुचलं असेल.

एका गोष्टीवर मात्र मी तिरकं लिहिणार नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी नावं ठेवली, त्यांनी स्वतःसाठी शब्द निवडणं ही वेगळी बाब आहे. ‘हरिजन’ हा शब्द वरून मायेने आला आणि ज्यांच्यासाठी आला त्यांच्यातल्या अनेकांनी तो परत केला. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ म्हटलं तेव्हा त्या शब्दात कुणाची कृपा नव्हती, हिशोब मागायची भाषा होती. आणि २०१८ मध्ये माहिती व प्रसारण खात्याने, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा हवाला देऊन, माध्यमांना सल्ला दिला की हाच शब्द टाळा, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. हिशोब मागणारा शब्द गेला, रकाना भरणारा आला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं, ते योग्यच झालं. जुन्या जातिवाचक नावाने पत्र येताना पोरांना काय वाटत असेल, हे ज्यांच्या पत्त्यात ‘पेठ’ आणि ‘कॉलनी’ असते त्यांनी सांगू नये. पण पाटी बदलल्यावर टँकर कुठपर्यंत येतो, तेही बघत राहावं लागेल.

आता सरकारने आईचीही आठवण काढली आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मनापासून टाळी वाजवावी असाच हा निर्णय. आमच्या नात्यातला एक नवा बाप हौसेने जन्मनोंदणीचा फॉर्म भरायला गेला आणि आईच्या रकान्यापाशी पेन अडलं. लग्नात त्यानेच ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर जुनं, लग्नाच्या दाखल्यावर नवं. त्याने खिडकीतल्या बाईंना विचारलं, ‘मॅडम, हिचं कुठलं नाव लिहू?’

मॅडम मान वर न करता म्हणाल्या, ‘आधारवर असेल ते.’

आधारवर तिसरंच होतं.